वाकड्या गल्लीतली पालखी

पूज्य सासूबाईंना अ-लानचा वाकून नमस्कार.

समुद्रदेवी माझू मातेच्या कृपेने आज ह्यांनी इस्पितळात चार घास पेज खाल्ली. तुमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?

ताकद यावी म्हणून पाठवलेलं तुमचं जिनसेंगच्या मुळीचं सूप ह्यांना दिलं नाही, रागावू नका. वाया घालवलं नाही, शेजारच्या खाटेवरच्या आजींना दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताकद कमी नाही हो. रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तात पुष्कळ आहेत. पण यकृतातल्या गाठीच्या रक्तवाहिन्याच वेड्यावाकड्या, त्यांतून पेशी आत शिरत नाहीत."

हे हसले. "म्हणजे आपली माझूची पालखीच! खांदेकरी ढीगभर, आणि गल्ली वाकडी."

वाहिन्या ताळ्यावर आणायचं औषध चालू होतं. परवा रक्ताची उलटी झाली, म्हणून ते थांबवलंय. आता पुढे काय, विचारलं तर बाई ह्यांची चादरच सारखी करत राहिल्या.

काल हे म्हणाले, "यंदा पालखीला खांदा द्यायची माझी जागा धाकट्या भावाला द्या." मी ऐकलंच नाही असं केलं.

देवळात कौल लावत बसू नका, लगेच या. जागा भावजींनाच द्या; पण ह्यांच्यासमोर म्हणा, रिकामी ठेवलीय. एवढं खोटं माता पोटात घालेल.

तुमची सून,
अ-लान