बाबांनी समिती का सोडली

बाबा, तुम्ही सुरू केलेली ती मॅच अजून होते. दरवर्षी हिवाळा सरता सरता दक्षिण ऑकलंडमधल्या हायस्कुलांतून फुटबॉल खेळणाऱ्या सगळ्यात चांगल्या मुली निवडतात, त्यांच्या दोन टीम करतात, आणि जमलेली देणगी मुलांच्या कॅन्सर वॉर्डला जाते. यंदा कार्यक्रमपत्रिकेत मॅचचा इतिहास छापायचं ठरलं. मी जुनी खेळाडू, शिवाय माझी मुलगी यंदा निवडली गेलेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुमच्याबद्दल काही लिहायला बसण्याची ही माझी पहिलीच वेळ.

सुरुवातीचा भाग भरभर लिहून झाला, कारण तो मला पाठ आहे. मी पंधरा वर्षांची होते. आमच्या टीमची गोलकीपर आजारी पडली आणि तुम्ही मला तिला भेटायला हॉस्पिटलात घेऊन गेलात. टाकानिनीच्या घरी आल्यावर बूटही न काढता स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे राहिलात आणि आईला म्हणालात, "एका शाळेची मॅच बघायला कोण येणार? सगळ्या शाळांतल्या चांगल्या पोरी एका मैदानावर आणल्या ना, तर लोक लोटतील." तुम्ही आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता, पुण्यात खो-खो खेळलेला माणूस. तरी माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसातून अर्धी रजा काढून शाळेशाळेत गेलात, "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहिलात. चार शिक्षकांची निवड समिती केलीत, पाचवे तुम्ही. मैदान आखायला ऑफिसातल्या जमीन मोजणीच्या खुंट्या आणि दोरी आणलीत. पहिल्या वर्षी खरंच लोक लोटले. डोक्याला रुमाल बांधलेल्या आमच्या गोलकीपरने नाणं उडवलं, आणि तुम्ही सीमारेषेवर उभे राहून चुकीच्या वेळी टाळ्या वाजवत होतात.

दुसऱ्या वर्षी यादीत माझं नाव आलं. चेंजिंग रूममध्ये एक मुलगी बुटाची लेस बांधता बांधता म्हणाली, बाप समितीवर असला की बरं असतं. एवढंच म्हणाली, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी आले तेव्हा तुम्ही पोहे परतत होता. मी दप्तर फेकलं आणि म्हणाले, "तुमच्यामुळे घेतलं मला. सगळे तेच म्हणतायत. तुम्ही कशाला जाता तिथे? तुमचं इंग्लिश ऐकून मुली हसतात." बाबा, कोणी हसत नव्हतं. ते मी तिथल्या तिथे रचलं, कारण पहिलं वाक्य ऐकून तुम्ही पोहे परततच राहिलात आणि मला तुम्हाला लागेल असं काहीतरी हवं होतं. तुम्ही गॅस बंद केलात. "बरं," म्हणालात. आई आतून ओरडली, "काय बोलतेस तू बापाला!" तर तुम्ही तिलाच गप्प केलंत. "असू दे. तिची शाळा आहे."

त्या आठवड्यात तुम्ही समिती सोडलीत. मॅचच्या दिवशी पहाटे जाऊन मैदान आखलंत, आणि लोक यायच्या आत घरी परतलात. मी खेळले. आम्ही जिंकलो. संध्याकाळी तुम्ही एवढंच विचारलंत, "पाय दुखतायत का?" मी "नाही" म्हणून खोलीत गेले. त्यानंतर तुम्ही त्या मैदानाकडे फिरकला नाहीत. चार वर्षांनी, मी हॅमिल्टनला शिकत असताना, तुम्ही ऑफिसातच कोसळलात. मी बसने पोचायच्या आत तुम्ही गेलात.

मधल्या वर्षांची माहिती घ्यायला मी गेल्या महिन्यात आमच्या पीटीच्या बाईंकडे गेले. त्या सामोअन बाई तुम्हाला आठवतील, पहिल्या समितीतल्या. आता ऐंशीच्या आहेत, गुडघ्यांमुळे घरीच असतात. त्यांनी चहा दिला, मॅच मोठ्या मैदानावर कधी गेली ते सांगितलं, आमची गोलकीपर बरी होऊन नर्स झाली आणि अजून नाणं उडवायला येते तेही सांगितलं. मग मी सहज म्हणावं तसं म्हणाले, "मला त्या वर्षी घेतलं ते बाबांमुळेच, हो ना?"

बाईंनी कप खाली ठेवला. "तुझं नाव आलं तसे तुझे बाबा उठून खोलीबाहेर गेले. पावसात, छत्री न घेता. आम्ही चौघांनी तुला एकमताने घेतलं. ते आत आले आणि म्हणाले, नक्की ना? तिला पुन्हा एकदा खेळताना बघा, मग ठरवा. आम्ही पुन्हा बघितलं. तरी तूच होतीस." मग त्यांनी विचारलं, "ते का सोडून गेले गं? आम्हाला कधी कळलंच नाही. आमचं काही चुकलं का?"

मी म्हणाले, "कामाचा व्याप वाढला होता." पंचवीस वर्षं ती बाई आपलं काही चुकलं का म्हणून विचार करत होती, आणि तिच्या घरात, तिचा चहा पिऊन मी तिला हे सांगितलं. घरी येऊन तेच इतिहासात लिहिलं. तुमचं नाव पहिल्या ओळीत आहे, संस्थापक म्हणून, आणि दुसऱ्या परिच्छेदात: नोकरीतल्या व्यापामुळे त्यांनी दुसऱ्या वर्षी समिती सोडली. ते छापून आलं. सगळ्यांना आवडलं.

काल मॅच झाली. गाडीत मुलगी पत्रिका वाचत होती. तिने विचारलं, "बट व्हाय डिड ही स्टॉप? इट वॉज हिज थिंग." मी आरशात बघत गाडी मागे घेत होते. म्हणाले, "अगं, आजोबांना तेव्हा ऑफिसात हीप्स काम होतं, ढीगभर." तिने पान उलटलं.

आज खरं ते सगळं लिहून काढलं. तुमच्यासाठी लिहितेय असं स्वतःला सांगत होते. पण तुमच्याशी जे बोलायचं ते लिहून काढायची गरज नाही, आणि हे तर कुठे पोचणारही नाही. हे ज्यांना वाचायला हवं त्या दोघी इथेच आहेत, एक म्हातारी आणि एक सोळा वर्षांची. मी मराठीत लिहिलं, बाबा, कारण त्या दोघींनाही ते वाचता येत नाही.