गच्चीवर कावळ्यांची सोय

७ सप्टेंबर २०२५, रविवार
पाऊस नाही. दूध आणलं. दाढी केली. उमाला जाऊन चौदा महिने झाले. पंधराला अविधवा नवमी, म्हणजे तिचा दिवस. गच्चीवर वाडी, म्हणजे कावळ्याचं पान, ठेवायची. कावळा शिवल्याशिवाय घरात जेवायचं नाही. दहाव्याला पिंडाला शिवला नव्हता. रत्नागिरीत कावळेच राहिले नाहीत. दोष नगरपरिषदेचा. यंदा व्यवस्था मी करणार.

८ सप्टेंबर
नगरपरिषदेला अर्ज. प्रत्येक इमारतीत कावळा, घुबड, मुंगूस, उदमांजर यांच्यासाठी जागा सक्तीची करावी. शहर फक्त माणसांचं नाही. तीन पानं झाली. उमा हेच म्हणायची, पण मुद्देसूद नाही.

१० सप्टेंबर
गच्चीवर पाइपचं झाड उभं केलं. पाच फांद्या, हिरवा ऑइलपेंट, पाण्याची वाटी. खालची मालन वर आली. म्हणाली, भावोजी, ह्यो अँटेना कसला? कावळे मांडवीला मासळीवर बसलेत, अर्ज त्यांना द्या. वाटीत पाणी भरलं.

१२ सप्टेंबर
तीसेक पारवे. दोन माकडं. वरच्या मजल्यावरच्यांचे पापड गेले. चेअरमन गुरुप्रसाद म्हणाला, काका, तुम्ही सेक्रेटरी असताना कंपाउंडातला जंगली बदाम तोडवलात, कावळे गाड्या घाण करतात म्हणून. आता त्यांना फ्लॅट देताय?
तो विषय वेगळा. ठराव एकमताने झाला होता. उमाचं मत धरलं नव्हतं. फ्लॅट माझ्या नावावर.

१४ सप्टेंबर
पेंटच्या वासाने कावळे येत नसावेत. उद्यापर्यंत जाईल. काळजीचं कारण नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार
दुपारी १. वाडी ठेवली. खीर, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. वडे मालनने करून दिले. समोरच्या इमारतीच्या टाकीवर एक कावळा. बघतोय.

२.३०. हात जोडून सांगितलं, तुझ्या तुळशीला रोज पाणी घालतो. आपल्या सलिलशी फोनवर भांडत नाही. गोळ्या वेळेवर घेतो. कावळा हलला नाही. मालन म्हणाली, भावोजी, झाडाचं बोला एकदा. वर घरटी हायत म्हणून वैनी रडली होती. म्हटलं, ठराव एकमताने झाला होता. ती खाली गेली.

३.४५. भटजींना फोन केला. म्हणाले, दर्भाचा कावळा करा आणि शिववा. चालतं. हल्ली सगळे तेच करतात.

४.३०. गच्चीवर कोणी नव्हतं. झाडाचं बोललो. मोठ्याने बोललो. तोवर टाकीवरचा कावळा उडून गेला होता.

दर्भ घरात होता. कावळा केला नाही. खाली आलो, सांबारं गरम केलं आणि जेवलो.