पाचव्या भागातलं दार

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोहोचले! क्लीथॉर्प्सला ओहोटी होती. समुद्र इतका मागे गेलेला की तो आहे, यावर नुसता विश्वासच ठेवायचा. स्टेशनबाहेर चिप्स घेतल्या आणि बाकावर बसून सगळ्या संपवल्या. हाताला अजून व्हिनेगरचा वास येतोय.

विल्फ आस्क्यूंचं घर रांगेतलं शेवटचं. अरुंद, नीटनेटकं, भिंतभर टेपची रिळं. ते वसंतात वारले. शेजारच्या घरात त्यांची बहीण इनिडबाई राहतात. किल्ली देताना म्हणाल्या, "आमच्या विल्फनं टेप रेकॉर्डरशी लग्नच लावलं असतं गं पोरी, पण पाद्री तयार होईना." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं की अंतराळातल्या गोष्टींसाठी सुट्टी घेऊन येणारी शहाणीसुरती बाई मीच का. म्हटलं, मीच.

आमच्या श्रोता मंडळात 'दूरचा दिवा' या जुन्या टीव्ही मालिकेचं नाव काढलं की माणसं अजून हळवी होतात. ताऱ्यांमधून फिरणारं दीपगृह, त्याचा म्हातारा दीपपाल आणि त्याची मदतनीस सिल्वी. वाहिनीनं जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या आणि शेवटच्या कथेचा पाचवा भाग गेला तो गेलाच. पण विल्फ तेव्हा शाळकरी होते. ते टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून बसायचे आणि अख्ख्या घराला गप्प करायचे. म्हणून चित्र गेलं तरी आवाज उरला. तो साफ करायचा, आणि जिथे फक्त चित्रच होतं तिथे माझ्या आवाजात निवेदन भरायचं, एवढंच माझं काम. यंत्र जुनं, हलवता येत नाही, म्हणून मीच आले.

रविवारी बाबांचा वाढदिवस. रॉझ गाडी घेऊन मला न्यायला येईल आणि आम्ही दोघी बहिणी थेट लिंकनला, बाबांच्या वृद्धाश्रमात जाऊ. त्यांची दृष्टी गेल्यापासून त्यांना कानांचंच काय ते सुख. पाचवा भाग मीच त्यांना ऐकवणार आहे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

दिवसभर ऐकलं. काय ती सफाई! आजकालच्या मालिकांत पार्श्वसंगीत आधीच सांगून टाकतं, आता घाबरा, आता रडा. इथे नुसती पावलं वाजतात, आणि अंगावर काटा येतो.

मी मंडळात नेहमी म्हणते आणि नेहमी भांडण होतं: विज्ञानकथा पाहायची नसते, ऐकायची असते. टीव्हीवर राक्षस आला की त्याच्या पाठीची शिवण दिसते. कानातल्या राक्षसाला शिवण नसते. टीव्हीत वस्तू आधी असते, मग आपण ती बघतो. श्राव्य नाटकात कुणीतरी म्हणतं, मग ती वस्तू असते. आणि जो बोलत नाही, तो खोलीत नसतोच.

चहाला इनिडबाई आल्या. टेपमध्ये एक बारीक खोकला आहे आणि त्यावर एक चिडलेलं "श्शू!" तो खोकला त्यांचा. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "त्या एका खोकल्यासाठी मेला महिनाभर बोलला नाही माझ्याशी."

मग सांगितलं की काही वर्षांपूर्वी विल्फनीही या भागाला निवेदन द्यायला घेतलं होतं. अचानक सोडून दिलं. त्यानंतर टेपला हात लावला नाही. इनिडबाईंना एवढंच खटकलं की त्याआधी किटली चढवली की भाऊ शीळ घालायचा, नंतर कधीच घातली नाही. "वय झालं," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे बघून नाही.

बाहेर आज पाच नोव्हेंबरचे फटाके, रेकॉर्डिंग अशक्य. निवेदन उद्या.

बुधवार, ६ नोव्हेंबर

खरा प्रश्न मधल्या शांततेचा. चौथ्या भागाच्या शेवटी सिल्वी एका मुक्या घरात शिरते आणि मागे दार लागतं. सहाव्या भागात ती बाहेर असते, हसत असते. मध्ये पाचव्या भागात बराच वेळ एकही शब्द नाही. ती सुटली कशी?

मंडळाचा अध्यक्ष नाइजेल सांगतो, 'सिल्वी दार उघडून बाहेर येते' एवढं वाच आणि मोकळी हो. असला आळशीपणा! सिल्वी हसण्याआधी नेहमी एक छोटा श्वास घेते. सहाव्या भागातली घेत नाही. बाबांनी आणि मी हे कधीच पकडलं होतं. बाहेर आली ती सिल्वी नव्हेच.

बाबांना फोन केला. म्हणाले, "तेच वाच, हेटी. लोकांना आवडो न आवडो." मी हसले, तर म्हणाले, "बघ, तूही आधी श्वास घेतेस. आश्रमात दहा बायका हसल्या तरी माझी लेक कोणती ते मला कळतं."

गुरुवार, ७ नोव्हेंबर

झालं! आमच्याच मताप्रमाणे वाचलं: 'खोलीला आता दार नाही. सिल्वी हाक मारते, पण तिचा आवाज तिच्यापाशी राहिलेला नाही. तो दुसऱ्या कुणीतरी अंगात घातला आहे. ती दुसरी बाहेर जाते.'

एके ठिकाणी अडखळले आणि हसले. ते तसंच ठेवलं, बाबांना आवडेल म्हणून. पण परत ऐकलं तर माझ्या हसण्याआधी श्वास नाही. नुसतंच हसू, कापून चिकटवल्यासारखं. टेप जुनी, तिनं तो खाल्ला असेल. पण चूक दिसली की मला चैन पडत नाही. पुन्हा हसले. पुन्हा श्वास गायब. आणखी काही वेळा केलं. शेवटी मायक्रोफोनला खडसावल्यासारखं वाक्यच घातलं: 'ती आधी श्वास घेते, मग हसते.'

आता अगदी बरोबर येतंय. माझ्यापेक्षाही बरोबर.

घसा बसलाय. मध घालून चहा घेतला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

घशातून आवाजच फुटत नाही. दुखत मात्र नाही.

यंत्राच्या या वरच्या खोलीचं दार अडकलंय. ओल धरून फुगलं असेल. रॉझला फोन केला. तिनं उचलला, हॅलो हॅलो म्हणाली, मग म्हणाली, "कोण आहे? नुसता श्वास काय घेतोस, मेल्या!" आणि ठेवला. मी माझं नाव सांगत होते. मला ते डोक्यात स्वच्छ ऐकू येत होतं. मेसेज लिहिला, तर तो कोराच गेला.

खिडकीतून इनिडबाई अंगणात कपडे वाळत घालताना दिसल्या. काचेवर मुठी आपटल्या. त्यांनी मान वर केली नाही. पण खाली, या घराच्या स्वयंपाकघराकडे बघून हात हलवला. हसून ओरडल्या की आज घसा अगदी मोकळा झालेला दिसतोय, पोरी!

खाली कोणीतरी उत्तर दिलं.

यंत्र बंद आहे. मी स्वतः विजेची पिन काढली होती.

शनिवार

दार अडकलेलं नाही. दार नाही. तिथे भिंतीवरचाच वॉलपेपर आहे, तीच फुलं, सांधासुद्धा नाही. काल लिहिलं तेव्हा होतं. मी त्याच्यावर खांदा मारला होता, अजून दुखतोय —

पिन लावून यंत्र सुरू केलं. मायक्रोफोनमध्ये म्हटलं, खोलीला दार आहे. पुन्हा पुन्हा म्हटलं. परत ऐकलं. खरखर. माझं एकही अक्षर नाही.

पण शांततेच्या तळाशी दुसरं काहीतरी आहे. शीळ. कुणीतरी किटली उकळायची वाट बघत घालतं, तशी. भिंतीच्या आतून, जवळून. विल्फ, तुम्हीही नाइजेलसारखं सोपं वाक्य वाचलं नाहीत ना. आपल्याला सगळं अचूकच हवं असतं —

खिडकी कालच्यापेक्षा लहान आहे.

खाली ती बाबांशी फोनवर बोलतेय. हो बाबा, झालं. हो, आपल्याच मताप्रमाणे. उद्या.

एकच आशा. बाबा. त्यांना चेहरा दिसत नाही म्हणून ते फसणार नाहीत. ते ऐकतील. ती हसली की त्यांना —

नाही.

मीच शिकवलं तिला.

रविवार

खिडकी गेली. यंत्राचा छोटा दिवा आहे, त्याच्यापाशी लिहितेय.

गाडीचा हॉर्न. रॉझ. मी भिंतीवर खुर्ची आपटतेय. खुर्ची तुटली. आवाज झाला नाही.

खाली रॉझ म्हणतेय, आवर गं भवाने, म्हातारा सकाळपासून टाय लावून बसलाय. इनिडबाई म्हणतायत, वाटेत खायला केक दिलाय, सांडू नका गाडीत.

बाबा, नीट ऐका. कान देऊन ऐका. तिला काहीतरी विचारा, असं काही जे मी कधी टेपवर बोलले नाही. तुम्ही मला सायकल शिकवताना जे — ते विचारा. तेवढंच. हसण्यावर जाऊ नका, बाबा, हसणं मी —

रॉझ काहीतरी विनोद करतेय.

एक छोटा श्वास. मग