पत्रपेटी स्फोटप्रकरण

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा. संध्याकाळी ७.४०
माझी पत्रपेटी उडवली. सुतळी बॉम्ब. घरात बसून चिवडा खात होतो, आवाज झाला, खाली धावलो. झाकण लिफ्टपाशी, माझ्या नावाची पितळी पाटी कुंडीत, आतलं वीजबिल जळून गेलेलं. बाकीच्या पंधरा पेट्या जागच्या जागी. याला अपघात म्हणत नाहीत. याला दहशतवादी हल्ला म्हणतात.
चंपाला सांगितलं. म्हणाली, ओवाळायचं ताट तयार आहे, आधी पाटावर बसा. बसलो. तिने दीर्घायुष्य मागितलं. मी सूड मागितला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
संताप उतरलेला नाही. उतरू देणारही नाही. रंगरावाची पेटी फोडून पचेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने सोसायटीचा हा सेक्रेटरी पाहिलेला नाही. आठ दिवसांत गुन्हेगार हजर. शिवाय उद्यापासून रोज अर्धा तास चालायचं.
संशयित: ४०२ चा शंभू. पुरावे: यवतमाळचा. भाडेकरू. आयटीत. दार लावून काम करतो. परवा लिफ्टमध्ये 'शुभ दीपावली' म्हटलं, तर कानातलं काढून 'काय?' म्हणाला. एवढं पुरे. त्याची आई सोजरबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आली आहे, एका डोळ्यावर पट्टी. तिच्यावर तूर्त संशय नाही.
घटनास्थळी सुतळीचा तुकडा सापडला. हिरवा. डबीत ठेवला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
चालायला गेलो नाही. तपास आधी.
योगायोग बघा. २ नोव्हेंबरला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वादविवाद. विषय: 'संशयित दहशतवाद्याला बोलतं करण्यासाठी सरकारने छळाचा वापर करावा का?' मी अनुकूल बाजू. प्रतिकूल बाजूला २०२ चे श्रीनिवासराव. एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. गेल्या वर्षी मी अठरा मिनिटं बोललो. ते उठले आणि म्हणाले, 'रंगराव बोलले ते सवयीने लिहून घेतलं. आत्ता वाचून पाहिलं, तर त्यात काही नव्हतं.' बसले. ट्रॉफी त्यांना. सभागृह मिनिटभर हसत होतं. चंपाही. तोही हिशोब चुकता करायचा आहे.
भाषणाची तालीम चंपासमोर. बॉम्ब टिकटिकतोय, हजार जीव टांगणीला, आणि आपण काय त्याला चहा विचारायचा? दाबा, म्हणजे बोलेल. निरपराध माणूस न केलेला गुन्हा कधीच कबूल करत नाही!
चंपाने विचारलं, पकडलेला तो नसलाच तर? म्हटलं, मग बोलणार नाही, त्यावरूनच कळेल. म्हणाली, बोलत नाही म्हणून आणखी मारणार ना पण? म्हटलं, भाजी करपतेय बघ.

२५ ऑक्टोबर, शनिवार
शंभूची प्राथमिक चौकशी. म्हणाला, 'काका, सीरियसली?' त्या वेळी ऑफिसच्या कॉलवर होतो म्हणे. पाडव्याला कॉल! सरळ नकार दिला, आवाजही चढवला नाही. म्हणजे ट्रेनिंग घेतलेला दिसतो.
सोजरबाईंनी चिवड्याची वाटी पुढे केली. खाल्ला नाही. तपास अधिकाऱ्याने खाऊ नये. (चिवडा चांगला दिसत होता.)
निर्णय: नुसतं भाषण नको, प्रात्यक्षिकच करायचं. दोन तारखेला सहीचा कबुलीजबाब सभागृहात फडकवायचा. एका दगडात दोन पक्षी.

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ९
गच्चीवर जाऊन ब लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. किल्ली माझ्याकडे, चेअरमन मुलीकडे अमेरिकेत, ऑस्टिनला, विचारणार कोण? एकट्या ४०२ चं पाणी तोडता येत नाही. एकाच पाइपवर १०२, २०२, ३०२, ४०२. सुक्याबरोबर ओलंही जळतं. २०२ सुद्धा जळतंय हे लक्षात आल्यावर बरंच वाटलं. आमचं ३०१ अ लाइनवर.
ग्रुपवर कळवलं: 'पत्रपेटी स्फोटातील गुन्हेगार लेखी कबुली देईपर्यंत ब लाइनचे पाणी-नियोजन चालू राहील.' छळ हा शब्द वापरायचा नाही. रोज सकाळी सहा ते सव्वासहा पाणी सोडणार. आपण काही रानटी नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
इंटरकॉमवर शंभूला तासातासाला एकच प्रश्न: सुतळी हिरवी होती ना? तोच ग्रुपवरही टाकला. अकराव्या फोनला रडकुंडीला आला. प्रगती आहे.
३०२ चे नागोराव बनियनवर दारात. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत. पहाटे चारला निघतो, अंघोळ काय कांद्याने करू का, म्हणाले. म्हटलं, सुरक्षेसाठी थोडा त्याग करावा लागतो. त्यावर जे म्हणाले ते इथे लिहिणार नाही. गच्चीचं कुलूप फोडायला निघाले होते. श्रीनिवासरावांनीच जिन्यात अडवलं, रविवारपर्यंत थांबा म्हणाले. घाबरले असणार.
संध्याकाळी सोजरबाई खालच्या नळावर बादली भरताना दिसल्या. पट्टी तशीच. 'भाऊ, पाणी कधी येईन?' म्हणाल्या. म्हटलं, मुलाला विचारा. लिफ्टमध्ये बादली न्यायला बंदी आहे, पाणी सांडतं. नियम माझाच, अपवाद कसा करणार? जिन्याने गेल्या. थोडं वाईट वाटलं. चहा घेतल्यावर गेलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार. रात्री ९
यश! शंभूचा लेखी कबुलीजबाब. 'पत्रपेटी मी एकट्याने फोडली. सुतळी हिरवी होती. पाणी सोडा.' खाली सही. अडीच दिवस! मोठमोठ्या तपास यंत्रणांनी माझ्याकडे शिकवणी लावावी.
पण एकट्याने? याच्यात एवढी अक्कल कुठली? सूत्रधार कोण? शंभूला विचारलं, श्रीनिवासरावांचा हात होता का? हातातली रिकामी बादली खाली ठेवली. मग म्हणाला, 'होता म्हटलं तर पाणी येईल?' म्हटलं, लवकर येईल. म्हणाला, होता.
मला वाटलंच होतं. व्हॉल्व्ह बंदच ठेवला. सूत्रधार बाकी आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार
आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत. सकाळी श्रीनिवासरावांचा कबुलीजबाब. मोत्यासारखं अक्षर, तारीख, वेळ, समास सोडलेला. 'पत्रपेटी मी एकट्याने फोडली. सुतळी हिरवी होती.' स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. चंपाने कढई बाजूला केली.
दुपारी नागोरावांचा, आडतीच्या पावतीमागे. मजकूर तोच. संध्याकाळी १०२ च्या प्रियदर्शनीबाईंचा, व्हॉट्सअ‍ॅपवर, खाली अंगठ्याचं चित्र. बाई पाडव्याला नाशिकला माहेरी होत्या हे मला माहीत आहे. पण कट माहेरूनही रचता येतो.
चौघेही 'एकट्याने' म्हणतात. एकमेकांना पाठीशी घालताहेत, दुसरं काय! कट वाटला त्यापेक्षा मोठा आहे. शिवाय एकाच्याही कागदावर पश्चात्तापाचा शब्द नाही. पाणी रविवारपर्यंत बंद. कळू दे चांगलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
सोजरबाईंना सकाळी डॉक्टरकडे न्यावं लागलं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही असं बजावलेलं होतं म्हणे. चार दिवस बादल्या चौथ्या मजल्यावर नेत होत्या. डोळ्यात रक्त उतरलं. शंभू रिक्षा शोधायला अनवाणी पळाला. चंपा बरोबर गेली.
अकरा वाजता व्हॉल्व्ह उघडला. स्वतःहून. कुणाच्या दबावाखाली नाही, याची नोंद असावी.
बाईंना लिफ्टचा नियम मी सांगितला होता. बादली उचला असं काही सांगितलं नव्हतं.
चंपा तीनला आली. काही बोलली नाही. ताट वाढलं. आमटीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार
चंपा अजून गप्प. बोलायला लावण्याचे दोन-तीन उपाय केले. टीव्ही मोठ्याने लावला. चष्मा हरवला म्हणून शोधायला लावला. तिने तो माझ्या डोक्यावरून काढून हातात दिला.
भाषण तयार. उद्या सूड.

२ नोव्हेंबर, रविवार
सविस्तर लिहितो, म्हणजे अन्याय कसा होतो ते नोंदलं जाईल.
सुरुवात दणदणीत. बॉम्ब, हजार जीव, चहा, सगळं झालं. मग खिशातून श्रीनिवासरावांचा कबुलीजबाब काढून वाचला. सभागृह चिडीचूप. आयुष्यात पहिल्यांदा मला एवढी शांतता मिळाली. म्हटलं, प्रतिकूल बाजूचा वक्ताच गुन्हेगार आहे, आणि हे सत्य बाहेर आलं ते दाबल्यामुळे!
श्रीनिवासराव उठले. म्हणाले, रंगराव, आपल्याकडे आणखी तीन कागद आहेत, तेही वाचावेत. मी नको म्हटलं. लोक वाचा, वाचा म्हणायला लागले. वाचले. दुसऱ्या 'एकट्याने'ला कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्याला सगळे. चौथ्याला अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले.
मग श्रीनिवासराव बोलले. दीड मिनिट. म्हणाले, दाबलं की माणूस बोलतो हे रंगरावांचं अगदी खरं आहे. फक्त तो दाबणाऱ्याच्या मनातलं बोलतो. चौघांनी सुतळी हिरवी सांगितली, कारण प्रश्नच हिरव्या सुतळीचा होता. म्हणाले, असे कागद मी कोर्टात एकतीस वर्षं पाहिले. इथे पत्रपेटी होती म्हणून आपण हसलो. तिथे अशा कागदावर एखादा पोरगा जन्मभर आत जातो, आणि ज्याने बॉम्ब ठेवला तो बाहेर मोकळा असतो, दुसरा ठेवायला. आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तर कशाची कबुलीही दिलेली नाही. त्यांचा डोळा गेला चार दिवसांत.
आता कुणी हसत नव्हतं. ते हसत होते तेच बरं होतं.
मतं: प्रतिकूल त्रेचाळीस, अनुकूल एक. ते एक माझं. चंपा तिसऱ्या रांगेत होती.

३ नोव्हेंबर, सोमवार
निकाल पक्षपाती. अध्यक्षांना पत्र लिहिणार.
ग्रुपच्या अ‍ॅडमिनपदावरून मला काढलं. गच्चीला नवं कुलूप, किल्ली नागोरावांकडे. शंभू महिनाअखेर जागा सोडतोय. सोजरबाईंना त्या डोळ्याने आता हललेलं तेवढं दिसतं. मी शंभूला 'गेट वेल सून' पाठवलं. वाचलं, उत्तर नाही. हल्लीच्या मुलांना रीत नाही.
खरा गुन्हेगार मोकाट. त्याचं कुणालाच काही नाही. उद्यापासून तपास नव्याने. प्रत्येकाचा सूड घेणार, यादी करायला घेतली आहे. पहिलं नाव श्रीनिवासराव. मग हात उचलणारे बेचाळीस. एकेचाळीस आठवले. बेचाळिसावं नाव माहीत आहे, लिहिलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ८.३०
अंघोळीला गेलो. डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला आणि शॉवर बंद पडला. नळ बंद. कॉक बाथरूमच्या बाहेर, बेसिनखाली आहे. चंपाला हाक मारली.
दाराबाहेरून म्हणाली, पत्रपेटी कुणी फोडली?
शुक्रवारनंतरचा पहिला शब्द. म्हटलं, आधी पाणी सोड. म्हणाली, आधी नाव. डोळे चुरचुरायला लागले. म्हटलं, श्रीनिवासराव. नाही म्हणाली. नागोराव. नाही. म्हटलं, तो शंभूच गं. त्यावर नुसत्या बांगड्या वाजल्या. गेली की काय असं वाटलं. चाचपडत दाराशी गेलो, पाय घसरला, कडी धरली. डोळे उघडता येत नव्हते. भीती वाटली, अगदी खरी.
ओरडलो, मी फोडली! मीच! एकट्याने!
पाणी सुरू झालं. गार होतं. बाहेरून चंपा म्हणाली, आवाज झाला तेव्हा तुम्ही माझ्यासमोर बसून चिवडा खात होतात.
बाहेर येऊन घड्याळ पाहिलं. सगळी मिळून चार मिनिटं. शंभूने अडीच दिवस काढले होते.