सरांचा रेडिओ गुरगुरतो

बुलढाणा, ८ ऑगस्ट १९६८

ती. सौ. कोकिळाताईस, धाकट्या नारायणाचा सा. न. वि. वि.

पावणेदोन वर्षांनी पत्र लिहितोय. इथल्या कॉलेजात यंदा ‘संपर्कविद्या व प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स’ असा नवा अभ्यासक्रम निघाला आहे आणि तो शिकवायला मी आहे. माणसांनी एकमेकांशी संपर्क कसा ठेवावा, हे मी आठवड्याला चार तास सांगतो. हसू नकोस.

अडलंय ते इलेक्ट्रॉनिक्सपाशी. मी एम.एस्सी. झालो ते फळ्यावर. रेडिओचं पोट कधी उघडलं नाही. परवा देणगीत आलेला जुना रेडिओ बावीस मुलांसमोर लावला, तर स्टेशनपेक्षा त्याची गुरगुरच मोठी. विद्यापीठाची समिती २९ तारखेला येतेय. प्रॅक्टिकल दिसलं नाही तर अभ्यासक्रम बंद, आणि माझी नोकरीही.

अर्जुनभाऊजींचं लाउडस्पीकर-रेडिओचं दुकान आहे. त्यांना गुपचूप विचारून कळव. चिखलीला आबांना मात्र कळू देऊ नकोस. ते अजून जावयाला ‘भोंगेवाला’ म्हणतात.

लोभ आटला असेल तर तो माझाच दोष. तरी उत्तर पाठव.

नारायण


साखरखेर्डा, १३ ऑगस्ट

चि. नारायण सरांस कोकिळेचे आशीर्वाद.

तुह्यं पत्र मी ह्यायले वाचून दाखवलं. ते इतके हासले का चहा बनेनीवर सांडला. अरे बाप्पा, ह्यायचं काम निंबावर चढून भोंगे बांधाचं अन् माईकमधी ‘हॅलो, हॅलो’ कराचं. रेडिओ दुरुस्तीचं काम माह्यं. सात वर्षं झाले. जालन्याचा मेकॅनिक दर खेपेले नवा बहाणा सांगे, म्हणून एक दिवस मीच पेचकस हाती घेतला. तुले माहीत नाही, काऊन का तू कधी इचारलंच नाही. संपर्कविद्येत हे कोणत्या धड्यात येते?

आता ध्यान देऊन वाच. स्टेशन लागते पण गुरगुर त्याच्यावर चढते, म्हणजे मोठा कंडेन्सर वाळला. तो बदलाव लागन. पण बटन बंद केलं तरी कंडेन्सर करंट पोटात धरून बसते. आधी लाकडी मुठीच्या पेचकसानं त्याची दोन टोकं जुळव. चट्ट वाजन. मंग हात लाव. विसरशीन तर तुह्या पोरायले फुकटचा तमाशा होईन.

जिवाले जप, मंग लोभाचं पाहू.

कोकिळा


बुलढाणा, २० ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

विसरलो. हात लावला आणि खडूच्या डब्यासकट भिंतीला जाऊन बसलो. मुलांना वाटलं हाही धडाच. पंजाबराव नावाच्या मुलानं तर पुन्हा एकदा करून दाखवा म्हणून विनंती केली. बोटाला फोड आलाय. नवा कंडेन्सर आणून ठेवलाय, पण त्या रेडिओजवळ जायला पाय तयार नाहीत.

तूच ये. एक युक्ती सुचते. समितीपुढे भाऊजींनी उभं राहावं आणि तू मागून हळूच सांगावंस. सातवी शिकलेली बाई कॉलेजात प्रॅक्टिकल दाखवते, हे प्राचार्यांना झेपणार नाही.

रागावलीस तरी येच.

नारायण


साखरखेर्डा, २३ ऑगस्ट

चि. नारायणास आशीर्वाद, थोडे हात राखून.

मी कोणाच्या मागं उभी राहून फुसफुस करणार नाही. हे म्हणतात का त्यायले समितीपुढं उभं केलं तर ते ‘हॅलो, हॅलो’च करतीन. प्राचार्याले झेपत नाही का तुले झेपत नाही, तेवढं मनाले इचार.

मी यावं वाटत असन तर पोरायले आधी सांग का ही माही बहीण हाय अन् हिले हे माह्यापेक्षा चांगलं येते. अन् आबाले तूच लिहाचं. जमत नसन तर त्या रेडिओत ज्वारी भरून ठेव.

फोडाले खोबऱ्याचं तेल लाव.

कोकिळा


बुलढाणा, ३० ऑगस्ट

तीर्थरूप आबांच्या पायांशी नारायणाचा साष्टांग नमस्कार.

ताईच्या अटीवर हे पत्र लिहायला बसलो. पण आता अट नसती तरी लिहिलं असतं. कॉलेजातला रेडिओ मला दुरुस्त करता येईना. करायला गेलो तेव्हा त्यानं मला भिंतीवर फेकलं. सात वर्षांपासून अर्जुनरावांच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करते ती आपली ताई, हे मलाही याच महिन्यात कळलं.

काल समिती आली. ताईला हे माझ्याहून चांगलं येतं, असं मी वर्गाला आधीच सांगून टाकलं होतं. प्राचार्यांचं तोंड कडू झालं. ताईनं पदर खोचला, माझ्या झटक्याची गोष्ट सांगून मुलांना पोटभर हसवलं आणि कामाला लागली. मी पहिल्या बाकावर वही घेऊन बसलो. वीस मिनिटांत नागपूर केंद्र स्वच्छ लागलं. बाजारभाव चालले होते. समितीतल्या एका गृहस्थांनी सरकीचा भाव टिपूनही घेतला.

त्यांनीच ताईचं शिक्षण विचारलं. तिनं सातवी सांगितलं. पुढं का नाही, असं विचारल्यावर ती रेडिओचं मागचं झाकण बसवू लागली. तुमचं नाव तिनं घेतलं नाही.

अभ्यासक्रम टिकला. दर सोमवारी प्रॅक्टिकल घ्यायला ताईनं यावं, असं खुद्द प्राचार्य म्हणाले. दुकान बंद ठेवून भाऊजी तिला घेऊन येणार आहेत. लोक बोलतील. आबा, तुम्ही तेवढं बोलू नका.

रागासकट आशीर्वाद असू द्यावा.

आपला नारायण


चिखली, ४ सप्टेंबर

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

नारायणाचे पत्र दोनदा वाचले. तो भिंतीवर आपटला याचे नवल वाटले नाही.

तुझी शाळा मी बंद केली. तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. तुझी आई सांगत होती, मी ऐकले नाही. त्याबद्दल आता काय लिहावे ते सुचत नाही.

सोमवारची एस.टी. चिखलीला पंधरा मिनिटे थांबते. मी स्टँडवर येईन. खिडकीशी बस. दोघांचाही डबा आणतो. अर्जुनरावांना तिखट चालते की नाही, हे मला ठाऊक नाही. तेवढे कळव.

आबा