गाडीखाली जायच्या आधी

प्रिय भूप्या,

खोकं उघडलं असशील तं वरच हे पत्र सापडलं असंल, आणि खाली तू मागितलेला मागच्या चाकाचा हवेचा फुगा. फुगा बाजूला ठेव. आधी हे वाच, आणि पुरं वाचून होईपर्यंत गाडीखाली जाऊ नको. मले माहीत आहे, तू हासून राहिला असशील की सातवी नापास विक्की पत्र लिहून राहिला. हो, लिहून राहिलो. अर्धी वही फाडून झाली. बंगलोरच्या या खोलीत आम्ही पाच जण राहतो, बाकीचे चौघं सारखे विचारतात, कोणत्या पोरीले लिहून राहिला बे? मी म्हटलं, पोरीले मिशा आहेत.

परवा खुशबूनं व्हिडिओ पाठवला. बहीण तुझी, पण चुगल्या सगळ्या मलेच कळवते. त्यात तू तलावात गुडघाभर पाण्यात उभा, फेकजाळ्याची एक कड दातात, दुसरी उजव्या हातात. त्याच उजव्या हातात. पहिल्यांदा जाळं गोळा होऊन पडलं आणि तू तिच्यावर ओरडलास की फोन बंद कर. तिनं केला नाही, लय चांगलं केलं. दुसऱ्यांदा तू कमरेतून फिरलास आणि जाळं हवेतच गोल उघडलं, पुरं गोल, पहिल्यासारखं. मी तेव्हा गॅरेजात एका गाडीच्या पोटाखाली पडून होतो. तिथंच पडल्या पडल्या अकरा वेळा पाहिलं आणि रडलो. बाहेर आल्यावर सांगितलं, डोळ्यात ऑइल गेलं. त्या रात्री मी असा झोपलो की सकाळी पोरायनं पाणी मारून उठवलं. दोन वर्षांत अशी झोप नव्हती आली.

मग बसल्या बसल्या गाडीच आठवली. लाखनीच्या हायवेवर भय्याजींच्या गॅरेजात ती आठ महिने उभी होती. दोन लाख नव्वद हजार किलोमीटर फिरलेली विलायती गाडी. दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक जो गेला, तो परत आलाच नाही, कागद तेवढे पाठवून दिले. मी तिथं हेल्पर. भय्याजी म्हणाले, घेऊन जा बाप्पा, माझी जागा तरी मोकळी होईल. ट्रॅक्टरनं ओढत आसगावले आणता आणता आपला अख्खा दिवस गेला, आणि तू आत चामड्याच्या सीटवर स्टेअरिंग धरून असा बसला होतास जसा नवरदेव. आमच्या खळ्यात मोहाच्या झाडाखाली उभी केली. संध्याकाळी चार पायांवर उभी, सकाळी पाहावं तं पोट जमिनीले टेकलेलं, स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे, ते रातभर गळायचे. तुझे बाबा, इतवारी काका, म्हणाले, "हे गाडी नाही बापा, म्हैस हाय. रवंथ करून राह्यली." तेव्हापासून अख्ख्या गावात तिचं नाव म्हैस. माझ्या आईनं बॉनेटवर लाखोळीच्या डाळीच्या वड्या वाळवल्या, म्हणे एवढी सपाट आणि गरम जागा घरात दुसरी नाही.

आणि आपण दोघं तिले घरीच दुरुस्त करायले निघालो. मले इंजीन अर्धं समजायचं, तुले अजिबात नाही. पण उंदरायनं खाल्लेल्या वायरी तू जाळं सांधावं तशा एक एक करून सांधल्या. मी म्हणायचो, गुंडाळ पट्टी आणि चाल पुढं. तू म्हणायचास, "थांब बे, गाठ बसू दे." ज्या दिवशी इंजीन चालू झालं त्या दिवशी माझे बाबा ताटावरून उष्ट्या हातानं पळत आले. वासुदेवरावांचा पोरगा काहीतरी करून राहिला, असं गावानं तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. सांधल्या होत्या तू, नाव झालं माझं. तेव्हा मले ते खटकलं नाही. आता खटकते.

मग तो उन्हाळ्यातला दिवस. उजव्या बाजूचं मागचं चाक काढलं होतं, त्या कोपऱ्यात ट्रॅक्टरचा जॅक. तू खाली हात घालून फुग्याले साबणाचा फेस लावून पाहून राहिला होतास की हवा कुठून जाते. पुढचं तुले मी सांगायची गरज नाही. जॅक तिरपा झाला, गाडी खाली आली, तुझा हात आत. काढलेलं चाक तू स्वतःच गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवलं होतं, म्हणून गाडी त्याच्यावर अडली आणि हातावरच निभावलं, नाही तं छातीवर आली असती. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील, पण मूठ वळेल का ते सांगता येत नाही. बाहेर बाकावर सगळ्यांनी विचारलं, झालं कसं? मी म्हटलं, जॅक घसरला. काका म्हणाले, "जॅक कोणं लावला होता?" मी म्हटलं, भूपेशनं. ते खरंच होतं. जॅक तूच लावला होतास. आणि लोकायनं वासुदेवरावांच्या पोराचं ऐकून घेतलं, मासे धरणाऱ्या ढिवराच्या पोराले कोणी विचारलंही नाही.

पंधरा दिवसांत मी गाव सोडलं. आधी सुरत, मग हैदराबाद, मग इथं. तू म्हणतोस माझ्या पायाले भिंगरी आहे. भिंगरी नव्हती रे. कुठंही सहा-आठ महिने झाले की कोणीतरी घरचं विचारायचं आणि मी बॅग भरायचो. आणि इकडं तू दोन वर्षं डाव्या हातानं माझी म्हैस सांभाळली. दर आठवड्याले चालू केली, ऑइल बदललं, उंदरं पळावी म्हणून इंजिनापाशी तंबाखूच्या पुड्या बांधल्या. मी फोनवर कधी विचारलं नाही की हात कसा आहे. गाडी कशी आहे तेवढं विचारायचो. तू सांगायचास आणि हासायचास.

या गॅरेजात असल्याच गाड्या येतात. पहिल्याच दिवशी उस्तादानं एक गोष्ट शिकवली. हवेवर बसणारी गाडी जॅकवर चढवायच्या आधी तिले झोपवायची, म्हणजे बॅटरीची वायर काढायची, आणि चावी उस्तादाच्या खिशात. झोपवली नाही आणि कोणी नुसता दरवाजा उघडला, तरी ती जागी होते. तिले वाटते आपला एक कोपरा उंच झाला, मग सरळ व्हायले ती फुग्यांतली हवा सोडते आणि खाली बसते. जॅक तिरपा होतो. उस्ताद हे सांगून राहिले होते आणि माझ्या हातातला पाना खाली पडला.

भूप्या, त्या दिवशी तू खाली होतास आणि मी पुढचा दरवाजा उघडला होता. मोबाईल चार्जिंगले लावायले, बस. गाडीनं फुस्स केलं, तो आवाज मी ऐकला. मग तू ओरडलास. का झालं ते मले तेव्हा समजलं नव्हतं, पण दरवाजा उघडला आणि गाडी बसली एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी दवाखान्यात म्हटलं, जॅक घसरला. जॅक तू बरोबर लावला होतास. तुझी गाठ पक्की होती. तुझी मूठ वळत नव्हती तोवर हे सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि आता जाळं उघडलेलं पाहून हिंमत आली. ही काही मोठी मर्दानगी नाही, मले समजते. पण छातीवरून काहीतरी उतरलं आहे, ते खोटं कसं सांगू?

तू म्हणालास, फुगा आला की रविवारी मीच बसवतो. ते ऐकून मी आज सकाळी इतवारी काकाले फोन लावला आणि सगळं सांगितलं. माझ्या बाबालेही सांगितलं, ते फोन आईकडे देऊन निघून गेले. काकानं मात्र पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोन साल मी त्याले शिव्या देल्या रे. जॅक लावता येत नाही तं हात कायले घालतं, म्हणून." मी म्हटलं, काका, मी आत्ता त्याले फोन करतो. ते म्हणाले, "फोन नको करू. तो हासण्यावारी नेईल, तसाच हाय तो. लिहून धाड, बसून वाचू दे." म्हणून हे लिहिलं. आता नीट वाच. बॅटरीची काळी वायर आधी काढ, चावी काकाच्या खिशात दे, चाक पोटाखाली सरकव, आणि दरवाजापाशी कोणालेही उभं राहू देऊ नको. नाही तं माझं ऐकशील तं रविवारी काहीच करू नको. दिवाळीले मी येऊन राहिलो, तिकीट काढलं. गाडीखाली मी जाईन. दरवाजापाशी तू उभा राहा.

तुझाच, तू ठेवशील तं,
विक्की