आईचा पानाचा डबा

मंगळवार, संध्याकाळ

काशीबाई शुद्धीवर आल्या, साखरही पूर्ववत आहे. वृद्धाश्रमाच्या सिस्टरनी आत्ताच फोनवर सांगितलं.

शेजारच्या खाटेवरच्या या काशीबाईंना गोळी आईने दिली. स्वतःची, मधुमेहाची, पानाच्या डब्यातून. डबा मीच भरून दिला होता. तिथे औषधं कुलपात असतात, सिस्टर समोर उभ्या राहून देतात. आईला ते लागायचं. "लहान पोर हाय का मी?" मग मी गुपचूप महिन्याच्या गोळ्या डब्यात घातल्या. बातमी दोनदा विचारून छापणारा मी, सिस्टरना एकदाही विचारलं नाही. नको म्हणाल्या असत्या, म्हणूनच.

गावी, चांदीपला, त्याच डब्यातून आई आल्यागेल्याला पान द्यायची. समोरच्याला दिल्याशिवाय तो डबा कधी मिटला नाही. हे मला आठवू नये?

दुपारी विचारलं, तर म्हणाली, "तिला चक्कर येत व्हती. मी एकटीच खाऊ? पानी पन मीच दिलं."

उद्या दहाला काशीबाईंचा मुलगा येणार आहे. सिस्टर आईचं नाव घेतील, त्याआधी मी माझं सांगणार आहे. आईला तिथे ठेवतात की नाही, ते त्यानंतर कळेल.